घरचा टंबलर: पैसे मशीनपेक्षा छऱ्यांत घाला

ज्या घरात चांदी घडवली जाते त्या घरात छोटा टंबलर, म्हणजे छऱ्यांनी दागिने उजळणारा फिरता ड्रम, असावा, असं माझं आता ठाम मत आहे. ज्या घरात चांदी नुसती वापरली जाते तिथे त्याची गरज नाही. निरांजन, करंडा, अत्तरदाणी उजळण्यासाठी कुणी हे मशीन घ्यायच्या विचारात असेल तर पैसे वाचवा. त्या वस्तू मुळात ड्रममध्ये मावत नाहीत, आणि त्यांचा काळेपणा घालवायला याहून सोपा उपाय आहे. तो पुढे सांगते.

मी कोल्हापूरला राहते आणि घरातच चांदीचं काम करते. जोडवी, मासोळ्या, बाळांचे वाळे, पैंजण, कानातल्या रिंगा, नथीचे सांगाडे. झाळकाम, म्हणजे तापवून धातूला जोड देणं, हुपरीला एका कारागिरांकडे शिकले. तयार माल पूर्वी गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, बफिंगला (चाकावर पॉलिशला) द्यायचे. बफिंगला मी नावं ठेवणार नाही. रुंद कडं, सपाट पदक, गुळगुळीत बांगडी यांना बफच्या चाकासारखी आरशासारखी झळाळी दुसरं काहीही देत नाही. पण ते चाक चांदी खरवडून चमक आणतं. रूज नावाचं पॉलिश लावलेलं कापडी चाक जोरात फिरतं आणि जे उंच असेल ते आधी खातं. माझ्या कामात उंच असतात ते रवे, म्हणजे चांदीचे बारीक दाणे. एकेक रवा वितळवून गोल केलेला, चिमट्याने जागेवर ठेवलेला, झाळलेला. बफखालून आलं की त्यांची डोकी चपटी. पीळ दिलेल्या तारेचा पीळही अर्धा पुसलेला. वजनात घट येते ती वेगळीच. साखळीचं काम तर बफवर धरायचंच नाही, कारण कडी चाकात अडकली तर साखळीबरोबर बोटही ओढलं जातं.

टंबलरमध्ये चांदी झिजत नाही, दाबली जाते. मला हे मशीन आवडण्याचं मूळ कारण हेच. आडव्या रबरी ड्रममध्ये स्टीलचे छरे, पाणी, थोडा साबण आणि दागिने घालायचे आणि ड्रम फिरत ठेवायचा. छरे ड्रमबरोबर वर चढतात, घसरत खाली येतात आणि घसरताना दागिन्यावरून घासून जातात. जुने सोनार अगेट दगडाची ओपणी (दाबून घासून चमक आणायचं हत्यार) हातात धरून जे करत, तेच इथे शेकडो छरे एकाच वेळी करत असतात. पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे दबून बसतात आणि चांदी प्रकाश सरळ परतवू लागते. मी रव्यांच्या कानातल्यांची जोडी आधी आणि नंतर बारीक काट्यावर तोलून पाहिली. काटा तिथेच. रवेही गोलच्या गोल, आणि दोन रव्यांच्या मधली जी खाच बफला कधीच सापडत नाही, तीही उजळलेली.

मशीनबद्दल आधी सांगते, कारण त्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. माझ्याकडे आहे तो तीन पौंडांचा, एका ड्रमचा. नाव लिहीत नाही, कारण हाच साचा रंग आणि स्टिकर बदलून वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन मिळतो. एका चौकटीवर दोन दांड्या, त्यातली एक मोटरने पट्ट्याच्या साहाय्याने फिरते, आणि ड्रम त्या दोन दांड्यांवर नुसता ठेवलेला असतो. बिघडण्यासारखं फार काही त्यात नाही. घेताना दोनच गोष्टी बघा. ड्रम जाड रबराचा हवा, प्लॅस्टिकचा नको. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये छरे इतके खडखडतात की फ्लॅटमध्ये दुपारी चालवणं अशक्य होतं, आणि छऱ्यांचा मार शोषायला काही नसल्यामुळे नाजूक कामाला तो सोसत नाही. दुसरं, टाइमर. दगड पॉलिश करण्याच्या छंदासाठी बनवलेल्या कित्येक मशीनचा टाइमर दिवसांत मोजतो, कारण दगडाला आठवडे लागतात. चांदीचं काम दीड-दोन तासांचं. तेव्हा तसल्या टाइमरसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. साधं बटण पुरतं, गजर मोबाइलवर लावता येतो.

न्यू जर्सीची माझी नणंद येताना तिकडचं चांगल्या नावाचं मशीन आणायला तयार होती. मी नको म्हटलं, आणि हे इथे मुद्दाम लिहिते, कारण बाहेरून मागवण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट जमवता येतात, पण तिकडे वीज ६० हर्ट्झची आहे आणि आपली ५० ची. हा फरक ट्रान्सफॉर्मर मिटवत नाही. या मशीनमध्ये असते तसली साधी मोटर हर्ट्झच्या हिशेबाने फिरते, त्यामुळे इथे ती जवळजवळ सहाव्या हिश्शाने मंदावते आणि जास्त तापते. नणंदेला म्हटलं, वन्सं, मशीन राहू द्या, छरे आणा. त्यांनी छरे आणले आणि त्यांचा उपयोग मला मशीनपेक्षा जास्त झाला.

कारण खरा दागिना उजळतो तो छऱ्यांनी. चकाकी फिकी आली, करडी आली, कोपऱ्यात आलीच नाही, तर दहातल्या नऊ वेळा दोष छऱ्यांचा असतो. मशीन हलकंफुलकं चालेल, छरे हलके चालत नाहीत. पहिली अट म्हणजे ते स्टेनलेस स्टीलचे हवेत. ‘स्टील शॉट’ म्हणून स्वस्तात जे मिळतात ते बऱ्याचदा साध्या पोलादाचे असतात. ते सुरुवातीला चमक छान देतात, पण वापरून झाल्यावर ओले राहिले की गंजतात, आणि गंजलेला एक छरासुद्धा सगळ्या ड्रमला तांबडं करतो. आमच्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर ते कोरडे ठेवणं अशक्यच. नवीन माल आला की चार-पाच छरे वाटीत मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाण्याला तांबूस रंग आला तर सगळा माल परत पाठवा. मला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘स्टेनलेस’ म्हणून आलेली पिशवी या परीक्षेत नापास झाली होती.

मला नेहमी विचारलं जातं की सायकलचे छरे चालतील का. नाही चालणार. एक तर बेअरिंगचं पोलाद गंजतं. दुसरं, ते सगळे एका आकाराचे आणि गोल. गोल छरा सपाट आणि फुगीर भागाला ओप देतो, पण जिथे दोन तारा एकमेकींना भेटतात त्या चिंचोळ्या जागेत तो शिरणारच नाही. म्हणून दागिन्यांसाठी मिश्र छरे लागतात: बारीक गोल, दोन्हीकडे तिरप्या कापलेल्या सळ्या, टोकदार टाचणीसारखे, आणि मधे फुगीर कडेला पातळ अशा तबकड्या. तबकडीची पातळ कड पिळाच्या तारेच्या सापटीत बरोबर बसते. हे भिंगातून पाहण्यासारखं आहे. नुसत्या गोल छऱ्यांतून काढलेल्या पिळाच्या तारेवर वरचा भाग चमकतो आणि पिळाच्या खाचेत पांढुरकी मळकट रेघ राहते. तीच तार मिश्र छऱ्यांतून काढली की रेघ जाते आणि प्रत्येक पिळाची कड वेगळी उठून दिसते.

किती घालायचे? तीन पौंड म्हणजे सुमारे १,३६० ग्रॅम, आणि ही मर्यादा एकंदर वजनाची असते, नुसत्या छऱ्यांची नव्हे. छरे, पाणी, दागिने सगळं त्यात आलं. मी ९०० ग्रॅम छरे घालते. दागिने टाकून छऱ्यांच्या वर दोन बोटं पाणी येईपर्यंत भरते, म्हणजे साधारण तीनशे मिलिलिटर. ड्रम निम्म्याच्या किंचित वर भरलेला दिसला पाहिजे. छरे कमी पडले तर ते घसरत नाहीत, आपटतात, आणि गुळगुळीत सपाट चांदीवर बारीक खड्डे पडतात. पाणी कमी असेल तर खडखड ऐकू येते, फार असेल तर छरे पाण्यात मंद फिरतात आणि काम होत नाही. बरोबर भरलेल्या ड्रममधून भुरभुर पावसासारखा एकसारखा आवाज येतो. शेजारच्या खोलीतून तो ऐकून सगळं नीट चाललंय हे आता मला कळतं.

साबण भांडी घासायच्या द्रवाचे चार-पाच थेंबच. जास्त घातला तर फेसाने ड्रम भरतो आणि छऱ्यांचा घाव मऊ पडतो. अजिबात घातला नाही तर चांदी काळपट निघते, कारण सुटलेला मळ धरून ठेवायला पाण्यात काही नसतं. लिंबाचा किंवा ब्लीचचा अंश असलेलं काही घालू नका. रिठ्याचं पाणीही मी वापरते. आमच्याकडे कारागीर पितळी तारांच्या ब्रशने चांदी धुताना रिठाच वापरत आले आहेत, आणि ड्रममध्ये त्याचा फेस बारीक आणि गुळगुळीत होतो. मात्र ते ताजं उकळून, फडक्यातून दोनदा गाळून घ्यावं लागतं. ठेवलेलं पाणी दोन दिवसांत आंबतं.

नवीन ड्रम आणि नवीन छरे आले की पहिल्याच दिवशी त्यात दागिना टाकू नका. नुसते छरे, पाणी आणि साबण घालून चालवा. पाणी शाईसारखं निघेल. रबराचा थर आणि कारखान्यातलं तेल असतं ते. खाण्याचा सोडा घालून पुन्हा चालवा. पाणी निवळ दिसेपर्यंत हे करायचं. ही पायरी गाळली की चांदीवर करडी साय बसते आणि ती पुसून जात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टंबलर ओरखडे घालवत नाही. विकणाऱ्यांच्या व्हिडिओत खडबडीत तुकडा आत जातो आणि आरसा बाहेर येतो, तसं होत नाही. कानशीची रेघ आत गेली तर चमकदार कानशीची रेघ बाहेर येते, आणि आधी जी दिसत नव्हती ती आता ठळक दिसते. मी हुपरीला, ज्यांच्याकडे झाळकाम शिकले त्या अण्णांना, टंबलरमधून काढलेली जोडवी दाखवायला नेली. त्यांनी भिंग लावलं, उजेडाकडे फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, ओप झ्याक आलाय, पर ह्या अंगाला कानस दिसतीया.” त्या जोडव्याची आतली बाजू मी सहाशे नंबरच्या वॉटर पेपरवर (आकडा मोठा तितका पेपर बारीक) थांबवली होती, आणि त्यांना तो फरक बोटाने न चाचपता कळला. तेव्हा हाताचं काम आधी पूर्ण करायचं: बारीक कानस, मग ४००, ६००, ८००, १२०० चा वॉटर पेपर, प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलून, म्हणजे आधीच्या पेपरची रेघ उरली असेल तर दिसते. बाळाच्या वाळ्यांच्या बाबतीत हे मी फार कसोशीने करते. ड्रममध्ये धारदार कड किंचित गोल होते खरी, पण बाळाच्या घोट्याला टोचणार नाही इतकी गोल ती पेपरनेच होते. बोटाच्या पेरावरून, मग मनगटाच्या आतल्या मऊ कातडीवरून वाळा फिरवून पाहायचा. कुठेही लागला नाही तरच ड्रममध्ये.

आगीचा डागही टंबलर घालवत नाही. ९२५ ची चांदी म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबंच. झाळताना हवा लागली की हे तांबं पृष्ठभागाखाली काळवंडतं आणि जांभळट सावलीसारखा डाग राहतो. छरे त्या डागालाच चकाकी देतात. त्याचा उपाय आधीच करायचा असतो. टाकणखाराचा लेप नीट द्यावा आणि आच गरजेपेक्षा जास्त वेळ धरू नये. झाल्यावर काढायचा तर पेपर आणि मेहनत, दुसरा मार्ग नाही.

झाळल्यानंतर तेजाबात किंवा लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात दागिना टाकला की चांदी पांढरीफटक, खडूसारखी होते. वरवरचं तांबं निघून जातं आणि शुद्ध चांदीचा पातळ थर उरतो म्हणून. टंबलर सगळ्यात सुंदर काम करतो ते या पांढऱ्या चांदीवर. अर्ध्या तासात खडूचा रंग जाऊन दुधाळ चमक येते आणि दीड तासाने ती पाण्यासारखी स्वच्छ होते. बफच्या चमकेपेक्षा ती वेगळी दिसते. जरा थंड, जरा खोल. माझ्या गिऱ्हाइकांपैकी ज्या बायका आजीच्या पेटीतले दागिने हाताळत आल्या आहेत, त्यांना ती लगेच ओळखू येते.

पण तेजाबातून काढलेला दागिना थेट ड्रममध्ये टाकू नका. आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, बुडबुडे येणं थांबलं की मग भरपूर पाण्याने धुवा. पोकळ मण्यात, दुमडलेल्या कडेत तेजाबाचा थेंब राहिला तर त्यात विरघळलेलं तांबं असतं, आणि समोर स्टील आलं की ते तांबं चांदीवर बसतं. सगळा घाणा गुलाबी निघतो. सोनारांच्या घरी तेजाबाच्या भांड्यात लोखंडी चिमटा घालू देत नाहीत, ते याच कारणामुळे.

घुंगरांबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण पैंजण करणाऱ्यांना हे कुठे सांगितलं जात नाही. घुंगराच्या तळाला चीर असते. मिश्र छऱ्यांतली टाचणी त्या चिरेतून आत जाते आणि परत येत नाही. पैंजणाला पन्नास घुंगरं असतील तर कुठल्या घुंगरात ती आहे हे डोळ्यांना दिसत नाही, कानाला मात्र कळतं. चांगल्या घुंगराचा आवाज मोकळा आणि गोल असतो. आत स्टीलची टाचणी अडकली की तो चिरका होतो आणि लगेच विझतो. एकेक घुंगरू कानाशी धरून हलवायचं, चिरकं सापडलं की चीर खाली करून सुईने टाचणी फिरवत बाहेर काढायची. सुई जोरात दाबली तर चीर फाकते, म्हणून आधी टाचणी चिरेच्या रेषेत आणायची आणि मग पैंजण हळूच हलवायचं, ती आपोआप गळून पडते. हा त्रासच नको म्हणून मी घुंगरांच्या घाण्यासाठी वेगळे छरे ठेवले आहेत. चिरेपेक्षा मोठे गोल छरे आणि तबकड्या, टाचण्या नाहीत. घुंगरू गोलच असल्यामुळे त्याला बारीक टोकाची गरजही लागत नाही. साखळीच्या कड्या तेवढ्या जरा कमी उजळतात, त्या रिठा आणि पितळी ब्रशने हाताने करते.

साखळी, गोफ यांची दोन्ही टोकं बारीक तारेने एकत्र बांधून वळं करून टाका आणि एका वेळी एकच टाका. मोकळ्या दोन साखळ्या एकत्र गेल्या तर त्या सोडवण्यात तुमची दुपार जाईल.

मोती असलेलं काहीही ड्रममध्ये जाता कामा नये. मोती हा मऊ असतो, छऱ्यांनी त्याचा वरचा थर खरवडला जातो आणि ते नुकसान भरून येत नाही. पोवळं, फिरोजा, ओपल यांचंही तेच. नथीचा सांगाडा मी मोती ओवण्याआधी उजळते. एकदा तार चकचकीत झाली की मोती ओवताना ती बोटांत घसरते खरी, पण ओवलेल्या नथीला नंतर हात लावावा लागत नाही. कोल्हापुरी साजासारखं लाख भरलेलं काम, सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, डिंकाने चिकटवलेले खडे, यांतलं काहीच टाकू नका. गार्नेट, अॅमेथिस्ट यांसारखे कठीण खडे पक्क्या कोंदणात असतील तर चालतात, पण मी तरी खडा शेवटी बसवते.

ऑक्सिडाइज्ड काम करणाऱ्यांना हे मशीन फार उपयोगी पडेल. दागिना आधी गंधकाच्या द्रावणात काळा करायचा, उंच भाग पेपरने हलका घासून पांढरा करायचा आणि मग ड्रममध्ये घालायचा. खाचेतला काळा टिकतो, उलट दाबला जाऊन पक्का होतो आणि जरा करडा-निळसर झाक घेतो. उंच भाग लखलखतात. हे हाताने करताना खाचेतला काळा दर वेळी थोडा पुसला जायचा.

कानातल्या रिंगांच्या तारेलाही फायदा होतो. झाळताना मऊ पडलेली तार छऱ्यांचा मार खाऊन वरच्या थरापुरती ताठरते. ‘टंबलर चांदी कडक करतो’ असं जे म्हणतात ते मात्र अर्धंच खरं आहे. हूक खरोखर ताठ हवा असेल तर आधी ऐरणीवर हलक्या हातोडीने ठोकून घ्या.

सुरुवातीला ज्या सोप्या उपायाबद्दल बोलले तो हा. घरातली चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, आणि टंबलर तो काळेपणा जेमतेम हलवतो. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल पसरा, त्यावर चांदी अशी ठेवा की ती फॉइलला टेकलेली असेल, खाण्याचा सोडा घाला आणि कढत पाणी ओता. अंड्यासारखा वास येईल. गंधक चांदी सोडून जात असतो. काळी झालेली चांदी परत चांदीच होते, झिजत नाही. मोत्याच्या आणि मुद्दाम काळ्या केलेल्या कामाला हे चालत नाही. माझ्याकडे कुणी जुनी पैंजणं उजळायला आणली तर आधी हे करते आणि मगच ड्रम.

काम झाल्यावर सगळं पुरणाच्या चाळणीत ओतते (ही चाळणी वेगळी ठेवलेली आहे, स्वयंपाकाला घेत नाही). दागिने उचलून धुते. आमच्या इमारतीला बोअरचं पाणी येतं आणि ते सुकताना पांढरे ठिपके सोडतं, त्यामुळे शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्याने. मऊ पंचाने टिपून केसांच्या ड्रायरने कोरडं करते. छरेही धुऊन पंचावर पसरून वाळवते, स्टेनलेसचे असले तरी. साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवलेले छरे काही दिवसांत बुळबुळीत होतात आणि त्यांना वास येतो.

मशीनच्या तक्रारी दोन. झाकणाची कड आणि ड्रमची कड यांच्यामध्ये साबणाचा थेंब जरी राहिला तरी ते गळतं, आणि गळलेलं पाणी दांडीवर आलं की ड्रम जागेवरच घसरू लागतो. दोन्ही कडा कोरड्या पुसून, झाकण मधे दाबून आतली हवा काढून मग नट आवळायचा. तरी खाली ट्रे ठेवलेला बरा. दुसरी तक्रार पट्ट्याची. सोबत आलेला पट्टा ताणला जाऊन तुटला, आणि विक्रेत्याकडे सुटा पट्टा मिळेना. शिवाजी उद्यमनगरात रबराच्या दुकानात जुना पट्टा दाखवला, त्यांनी त्याच मापाची ओ-रिंग काढून दिली. ती मूळच्यापेक्षा चांगली निघाली. जास्त घट्ट पट्टा घालू नका, मोटर तापते. दांडीच्या टोकांना मधूनमधून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब द्या, पण तेल पट्ट्याला आणि ड्रमला लागू देऊ नका.

मॅग्नेटिक मशीन घ्यावं का, हाही प्रश्न येतो. गुजरीत बऱ्याच कारखान्यांत ते असतं. त्यात खाली चुंबक फिरतं आणि वर भांड्यात केसासारख्या बारीक स्टीलच्या पिना नाचतात. वीस मिनिटांत माल तयार होतो, आणि तारकामाच्या जाळीत, खड्याच्या कोंदणाखाली त्या पिना जिथे पोचतात तिथे माझे छरे कधीच पोचणार नाहीत. पण रुंद सपाट भागावर त्यांची चमक जरा दाणेदार येते, पिना बोटांत घुसतात, घुंगरात तर ढिगाने घुसतात, आणि किंमत कैक पटींनी जास्त. रोज किलोंनी माल काढणाऱ्यांचं ते यंत्र आहे. आठवड्याला दोन-चार घाणे काढणाऱ्या माझ्यासारखीला आडवा ड्रम पुरेसा आहे.

आता मी दुसरा ड्रम मागवते आहे. मशीन तेच, ड्रम फक्त पितळेसाठी वेगळा, कारण पितळ आणि चांदी एका छऱ्यांतून काढणं मला पटत नाही. कुणाला मशीन घ्यायचंच असेल तर ज्या विक्रेत्याकडे सुटे ड्रम, झाकणाचे वॉशर आणि पट्टे मिळतात, त्याच्याकडूनच घ्या, आणि तिथे उरतील ते सगळे पैसे छऱ्यांना लावा.